वीस मीटर केबलची दोन टोकं

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दत्तूशेठचा कारखाना. दसऱ्यानंतर तिथलं, आकड्यांच्या हुकमावर लोखंड कापणारं सीएनसी मशीन सुरू केलं, तेव्हा त्याला काहीही आठवत नव्हतं. चार दिवसांच्या सुट्टीत आतली जुनी बॅटरी संपली आणि तिच्यासोबत सगळे प्रोग्रॅमही गेले. साल अठ्ठ्याण्णव. तेव्हा मशीनची स्मरणशक्ती बॅटरीवर चालायची, माणसांची रागावर.

प्रोग्रॅम फ्लॉपीवर होते. फ्लॉपी वरच्या काचेच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरमध्ये, मशीन खाली, मध्ये वीस मीटर केबल. खाली ऑपरेटर रावजीने बटण दाबून मशीन प्रोग्रॅम घ्यायला तयार ठेवायचं आणि लगेच वर कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मोहिनीने तो सोडायचा. अर्ध्या मिनिटात वरून काही आलं नाही, तर मशीन अलार्म देऊन रुसायचं.

अडचण एवढीच, की खंडेनवमीपासून हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. पूजेत रावजीने केबलच्या सॉकेटलाही भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं होतं. ते ब्रशने खरवडताना मोहिनीने ‘घाण’ हा शब्द वापरला.

चार वाजता गिऱ्हाइकाचा तपासनीस पहिला शाफ्ट बघायला येणार होता. शाफ्ट पास झाला, तर दुसरी पाळी सुरू होणार आणि सहा वर्षं टेंपररी असलेला रावजी पर्मनंट होणार. आत्ता दोन वाजले होते.

रावजीने बटण दाबलं आणि चहापाणी बघणाऱ्या शकुबाईंना निरोप देऊन वर धाडलं. त्या गुडघे सांभाळत चौदा पायऱ्या चढल्या, आधी चहा ठेवला, मोहिनीच्या आईची तब्येत विचारली, मग निरोप दिला. मशीन केव्हाच रुसलं होतं. पुढच्या वेळी मोहिनीने निरोपाची वाटच पाहिली नाही. खाली रावजी तंबाखू मळत होता. अख्खा शाफ्ट आकड्याआकड्याने केबलमधून आला आणि ऐकणारं कोणी नाही म्हणून वाया गेला. दत्तूशेठनी केबलच खराब ठरवून नवी मागवायला फोन उचलला.

पाचव्या फेरीनंतर शकुबाई पायरीवरच बसल्या.

"रावजीभाऊ, तुमचं मशीन अर्ध्या मिन्टात रुसतं, पण परत बटण दाबलं की गप ऐकतं," त्या म्हणाल्या. "तुम्हा दोघांना पाच दिस झाले. आता मी नाय चढत."

सव्वातीन झाले होते. रावजीने केबिनकडे पाहिलं, बटण दाबलं आणि कंप्रेसरच्या घरघरीवर मात करत आवाज काढला.

"मोहिनीताई, लावलंय. सोडा."

काचेचं दार उघडलं. "नक्की लावलंय ना?"

"आईशप्पथ."

"सोडते. आणि ते कुंकवाचं... मी जरा जास्तच बोलले."

"ते मागून बोलू ताई, आधी प्रोग्राम. अलार्म येईल."

स्क्रीनवर आकडे पळू लागले.

चारला कूलंटने ओलाच शाफ्ट तपासनीसाच्या हातात पडला आणि मापात बसला. मग त्याने प्रोग्रॅम भरण्याची लेखी पद्धत मागितली. अशी काही नव्हतीच, म्हणून दत्तूशेठनी तिथल्या तिथे लिहून दिली. ती अजून मशीनशेजारी टांगलेली आहे: एक, मशीन घ्यायला तयार ठेवणे. दोन, हाक मारणे. तीन, उत्तर आल्यास प्रोग्रॅम सोडणे.

पुढच्या खंडेनवमीला पर्मनंट रावजी सॉकेटपाशी आला, थबकला आणि कुंकवाची वाटी घेऊन मुकाट पुढे निघाला. मोहिनीने त्याला थांबवलं आणि सॉकेटवर बसणारं प्लॅस्टिकचं कोरं टोपण त्याच्यापुढे धरलं.

"ह्याला लावा," ती म्हणाली. "ह्याच्यासाठीच आणलंय."