थरथरत्या नसेच्या मोहिमेची हकीकत

धडावर डोके आणि डोक्यात कुतूहल बाळगणाऱ्या समस्त वाचकांस विदित व्हावे, जे तळमजल्यावरील लेसरच्या काळोख्या खोलीत जी मोठी मसलत गुजरली, तिची हकीकत ऐशी.

तान्ह्या बाळराजांच्या मातोश्री, संशोधक बाईसाहेब, यांनी बाळंतपणाची रजा आटोपून मोहिमेची सूत्रे पुनश्च हाती घेतली. मोहिमेचा मतलब हा की, लेसरच्या किरणाने मांसात शिरावे, आतील खबर घेऊन परतावे आणि डोळ्यांस न दिसणारी बारीक नस पडद्यावर उमटवावी, म्हणजे शस्त्रक्रियेत सुरी तिला वळसा घालील आणि रोग्याचे रक्त नाहक सांडणार नाही. परंतु नशीब करंटे! चाचणीसाठी किरणाखाली ठेवलेल्या मांसाच्या तुकड्यातली नस पडद्यावर येई आणि पाण्यातल्या सापासारखी वळवळे. दुपारी खुद्द सर्जनमहाराज पाहणीस येणार; नस स्थिर दिसली तर यंत्र शस्त्रक्रियेच्या दालनात दाखल, न दिसली तर अडगळीच्या खोलीत जन्मठेप, ऐसे त्यांचे फर्मान होते.

मग बाईसाहेब इरेस पेटल्या. प्रथम पंख्यावर संशय धरून त्यास बंद केले, आणि खोलीतला एकुलता सहकारी घामाने न्हाला. मग लिफ्ट रोखली, आणि वरच्या मजल्यांचे लोक जिना चढता चढता शिव्याशाप देते जाहले. मग टेबलाच्या चारी पायांखाली रबर घातले. तरी नस वळवळेच. सहकारी भर दरबारी वदला, "मॅडम, यंत्राला थंडी वाजतेय. स्वेटर विणा." बाईसाहेबांनी त्याजकडे ऐसे पाहिले की लेसरने लाजावे.

इतक्यात व्हिडिओ कॉलवर सासूबाईंची स्वारी आली. बाळराजांनी भोकाड पसरले होते, दुधाची बाटली झुगारली होती, आणि आईच्या मुखदर्शनाविना तहास ते राजी नव्हते. बाईसाहेबांनी फोन समोरच्या फळीवर उभा केला आणि "आले हं माझ्या सोन्या" म्हणत नजर नसेवरच ठेवली, तो नस थेट नाचूच लागली. पलीकडे बाळराजे मात्र एकाएकी शांत होऊन टकमक पाहू लागले.

"अगं, पाळणा कुणाचा हलवतेयस?" सासूबाईंनी विचारले.

"इथे कुठला आलाय पाळणा, आई?"

"मग पाय का चाललाय तुझा?"

खाली पाहतात तो बाईसाहेबांचा उजवा पाय टेबलाच्या आडव्या दांडीवर, मालकिणीच्या नकळत, घरच्या लयीत झोके देतो आहे! फितूर गोटातलाच निघाला. सहकारी हसून बेजार झाला. बाईसाहेबांचे कान लाल झाले आणि मग डोळेही भरले; अर्धा जीव घरी ठेवून आलो ऐसे त्यांस वाटत होते, तो पायात बसून सोबत आला होता. लगोलग दोन्ही पायांस नजरकैद फर्मावून त्या स्टुलावर मांडी घालून बसल्या, आणि नस थांबली. केसाएवढी, लख्ख, जागच्या जागी.

मग सर्जनमहाराज आले आणि पडद्यावर नजर ठेवून त्या तुकड्यात नसेला खेटून सुरी चालवते झाले, आणि नस शाबूत राहिली. "यंत्र माझ्याकडे पाठवा," त्यांनी फर्मावले. "पण तुम्ही अशा जेवायला बसल्यासारख्या का?"

बाईसाहेबांनी खरे ते सांगितले. महाराजांनी सुरी खाली ठेवली. "माझी मुलगी कॉलेजात आहे," ते म्हणाले, "आणि रांगेत उभा राहिलो की मी अजून डोलतो."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. सायंकाळी कैदी पाय बाइज्जत मुक्त करून उजव्यास पाळण्याची जहागीर पूर्ववत बहाल केली, आणि त्याने चार झोक्यांत बाळराजांस निद्राधीन केले, आणि पाठोपाठ बाईसाहेबांसही. सबब पुढील मजकूर सांगण्यास दरबारी कोणी जागे उरले नाही.