गच्चीवरची वर्दी

"वर्दी अंगावर असेल तर पूर्ण असली पाहिजे, नाहीतर अजिबात नको!" हवालदाराने कमरेला टॉवेल गुंडाळलेल्या अवस्थेत गर्जना केली.

"मग सध्या अजिबात नको हेच चाललंय की," बायको म्हणाली आणि चहाचे कप पुसायला लागली.

हवालदार कालच रजेवर घरी आला होता. आल्या आल्या त्याने कपाट उघडलं, आपल्या घरच्या कपड्यांच्या घड्या पाहिल्या आणि त्याचं रक्त खवळलं. पलटणीत अशा घड्या घालणाऱ्या पोरांना त्याने मैदानाला चकरा मारायला लावलं असतं. बायकोला चकरा मारायला लावण्याची हिंमत नसल्यामुळे त्याने सगळे कपडे धुवायला काढले. कपडे सगळे पांढरे. पांढऱ्यावर डाग लपत नाही म्हणून त्याला दुसरा रंगच आवडत नसे. टबात कपडे भिजत पडले आणि तिथेच त्याच्या आईने, म्हातारीने, हौसेने आणलेला लालभडक टेबलक्लॉथही टाकला. खळ निघून जाईल, एवढाच तिचा साधा विचार होता.

"दुकानदार म्हणाला होता, रंग पक्का आहे म्हणून," म्हातारी आता कोपऱ्यात बसून तेच तेच सांगत होती.

"पक्काच आहे आई. आता निघायचा नाही," हवालदार म्हणाला. त्याचे शर्ट गुलाबी झाले होते. पायजमा गुलाबी झाला होता. बनियन तर बारशाला आणल्यासारखे दिसत होते.

एरवी याचं कुणी फार मनावर घेतलं नसतं. पण आज संध्याकाळी सुभेदारसाहेब चहाला येणार होते. शहरापासून हाकेच्या अंतरावर भरतीच्या पोरांचं प्रशिक्षण केंद्र होतं आणि तिथे एका शिक्षकाची जागा निघाली होती. ती जागा मिळाली असती तर हवालदार रोज रात्री घरी जेवला असता. लग्न झाल्यापासून बायकोने नवरा पाहिला तो रजेच्या तुकड्यातुकड्यांनी. नेमणूक साहेबांच्या शिफारशीवर होती, आणि साहेब वर्दीच्या बाबतीत इतके कडक होते की त्यांच्यापुढे हवालदारही ढिला वाटावा. बायको सकाळपासून ओठ घट्ट मिटून घर पुसत होती. तिला ती जागा हवी होती. मनापासून हवी होती.

"शिंप्याकडून एखादी पॅन्ट मागून आणू का?" तिने विचारलं. खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं.

"म्हणजे मी साहेबांसमोर दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाची पॅन्ट घालून बसू?"

"बरं बाई. मग आधी गच्चीवर जा. दोरी तुटलीय आणि सगळे कपडे खाली लोळतायत. माझा हात तिथवर पोचत नाही."

"टॉवेलवर जाऊ?"

"वर्दीची पॅन्ट आहे ना बॅगेत? ती चढवा."

हवालदाराने तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने देशाचे नकाशे शत्रूला विकायला सांगितले होते. "वर्दीची पॅन्ट आणि वर उघडा? अगं, नुसती पॅन्ट घालून दाढी करणाऱ्या पोराला मी शिक्षा केलीय! रजेवर तर वर्दी घालायचीच नाही, असा नियमच आहे."

"ते तिकडे. हे घर आहे. घरात कोण बघतंय?"

"कुणी बघतंय म्हणून नसते घालायची वर्दी."

"मग वाळू द्या ते कपडे जमिनीवरच. साहेब आले की टॉवेलवरच सॅल्यूट ठोका."

हे मात्र हवालदाराला पटलं. तो आत गेला, वर्दीची पॅन्ट चढवली, चोरासारखा दार उघडून जिना चढला आणि गच्चीवर पोचला. जिना इमारतीच्या बाहेरच्या अंगाला होता, लोखंडी, थेट रस्त्यावर उघडणारा. चढताना कुणी पाहिलं नाही. हवालदाराने दोरीला गाठ मारली, कपडे एका रांगेत, खांद्याला खांदा लावून टांगले, आणि सहज म्हणून कठड्यावरून खाली डोकावला.

गल्लीच्या कोपऱ्यावर सुभेदारसाहेब उभे होते!

वेळेच्या बरेच आधी. लष्करातला माणूस वेळेवर येत नाही, वेळेच्या आधी येतो, हे हवालदाराने स्वतः शेकडो पोरांच्या डोक्यात कोंबलं होतं. नेमकं आज त्याच्याच डोक्यातून गेलं. साहेब साध्या कपड्यांत होते. त्यांची बॅग फुटली होती बहुतेक, कारण ते रस्त्याकडे पाठ करून बॅगेवर वाकले होते आणि काहीतरी बांधाबांध करत होते.

हवालदार मटकन खाली बसला. जिन्यावरून उतरावं तर साहेब मान वर करताच त्यांना दिसणार काय, तर उघडाबंब हवालदार आणि वर्दीची पॅन्ट! पॅन्ट काढावी तर ते त्याहून वाईट. अर्धी वर्दी हा गुन्हा होता आणि गुन्ह्यातून सुटायचा एकच मार्ग त्याला सुचला. तो त्याच्यासारख्यालाच सुचू शकत होता. अर्धी वर्दी पूर्ण करायची.

"अगं ए!" तो कठड्यावरून दबक्या आवाजात ओरडला. खालच्या बाल्कनीत बायकोचं डोकं दिसलं. "बाकीची वर्दी वर फेक! सगळी! साहेब आले!"

"आत्ता?"

"फेक म्हणतो ना!"

बायको पळाली. क्षणात शर्ट वर आला. मग टोपी आली. मग पट्टा साप उडावा तसा वळवळत आला आणि हवालदाराने तो हवेतच झेलला. मोजे आले. एक बूट आला. दुसऱ्या बुटाला बायकोने जोर जास्त लावला, तो कठड्यावर आपटला, उलटा फिरला आणि थेट खाली शिंप्याच्या पत्र्यावर धाडकन पडला.

शिंपी कात्री घेऊनच बाहेर आला. बूट पाहिला. वर पाहिलं. गच्चीवर हवालदार घाईघाईने वर्दीची बटणं लावत होता. शिंप्याने बुटाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"बोलावणं आलं!" तो ओरडला. "हवालदाराची रजा रद्द झाली! सीमेवर काहीतरी झालंय!"

पुढचं सगळं वाऱ्यासारखं झालं. समोरच्या खिडक्या उघडल्या. कुणी बिस्किटांचा पुडा घेऊन धावलं, कुणी मफलर घेऊन. शिंपी बूट छातीशी धरून जिना चढला आणि वाटेत दार वाजवून त्याने म्हातारीलाही सांगितलं. म्हातारीने जो गळा काढला तो गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. बायको "अहो, तसं काही नाही, ते गुलाबी कपडे" असं सांगत होती, पण माणूस सीमेवर निघालेला असताना गुलाबी कपड्यांचं कोण ऐकतं? सगळ्यांना वाटलं, बिचारीला धक्का बसलाय.

हवालदार पूर्ण वर्दीत, दोन्ही बूट घालून, जिन्यावरून खाली उतरला. त्याला पळायचं होतं. पण वर्दीतला माणूस रस्त्यावर पळत नाही. त्याला ओरडून सांगायचं होतं, "अहो, मी कुठेही जात नाही!" पण वर्दीतला माणूस रस्त्यावर ओरडतही नाही. तो ताठ चालत राहिला आणि त्या ताठ चालण्याने उरल्यासुरल्या लोकांचीही खात्री पटली.

आणि याच गर्दीत पट्ट्याने आवळलेली बॅग सावरत सुभेदारसाहेब शिरले.

हवालदाराने कडक सॅल्यूट ठोकला. तो बघून म्हातारीचे डोळे पेटले.

"हेच का ते न्यायला आलेले?" ती गर्दीतून पुढे घुसली. "अहो, तुम्हाला आईबाप आहेत की नाहीत? कालच आलाय माझा पोरगा! अजून धड जेवलासुद्धा नाही! त्याची बायको बघा, वेड लागायची पाळी आलीय तिच्यावर, गुलाबी गुलाबी करत सुटलीय!"

"आजी, मी चहाला..."

"चहा हवाय! आधी पोराला न्यायचं आणि वर चहा!"

गर्दीतून संतापाची लाट उठली. शिंप्याची कात्री अजून हातातच होती. बायकोने ते पाहिलं. ती जागा तिच्या डोळ्यांसमोर गल्लीच्या टोकाकडे निघून चालली होती. तिने पदर खोचला, साहेबांची बॅग उचलली, दुसऱ्या हाताने सासूला धरलं आणि साहेब, नवरा, सासू अशा तिघांनाही जवळजवळ ढकलतच घरात आणून दार लावलं.

आत साहेब खुर्चीवर बसले. हवालदार सावधान उभा राहिला.

"रजेवर आहेस?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"मग वर्दी का?"

हवालदार साहेबांशी खोटं बोलत नसे. त्याने टबापासून सुरुवात केली आणि बुटापर्यंत सगळं सांगितलं. मध्ये म्हातारीने "रंग पक्का होता" एवढी भर घातली. मग सगळा उलगडा होऊन ती लाजून आत जाऊन बसली. साहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"म्हणजे पॅन्ट घातली ती चूक," ते म्हणाले, "आणि ती चूक झाकायला उरलेली वर्दी घातली."

"हो साहेब."

"घरात असलो तरी नियम पाळायचे, असं तू पोरांना शिकवतोस?"

"हो साहेब. शिकवतो."

साहेबांनी सुस्कारा टाकला, बायकोने पुढे ठेवलेला चहाचा कप उचलला आणि खुर्चीत मागे रेलले. रेलताना त्यांचा कोट बाजूला झाला. हवालदाराची नजर त्यांच्या कमरेवर गेली आणि तिथेच थिजली. साध्या पॅन्टवर साहेबांनी पट्टा घातला होता तो वर्दीचा! पितळी बकलाचा, पलटणीचं चिन्ह असलेला, आरशासारखा घासलेला!

बायकोने त्याची नजर कुठे गेलीय ते पाहिलं आणि मग तिनेही तिकडे पाहिलं. हवालदार तिला डोळ्यांनी विनवत होता. गप्प राहा, एवढंच त्याला म्हणायचं होतं. तिलाही कळत होतं, गप्प राहण्यातच शहाणपण आहे, जागा हवी असेल तर गप्प राहायचं. पण लग्न झाल्यापासून दर रजेला, ऊठसूट, जेवताना, झोपताना एकच वाक्य तिच्या कानावर आदळलं होतं. ते इतकं आत जाऊन बसलं होतं की आता तिचं तिलाच आवरलं नाही.

"साहेब," ती म्हणाली, "वर्दी असेल तर पूर्ण हवी ना?"

"अर्थात वहिनी."

"मग तुमचा पट्टा?"

हवालदाराने डोळे मिटले.

साहेबांनी खाली पाहिलं. त्यांचे कान हळूहळू टेबलक्लॉथच्या रंगाचे झाले.

"बॅग फुटली कोपऱ्यावर," ते अखेर म्हणाले. "बांधायला काहीतरी हवं होतं. वर्दीचा पट्टा सामानाला बांधायचा म्हणजे वर्दीचा अपमान. म्हणून साधा बॅगेला बांधला, आणि हा..." त्यांनी कमरेच्या पट्ट्यावर कोट ओढून घेतला.

"म्हणजे एक नियम पाळायला दुसरा मोडला," बायको म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "आमच्याकडेही असंच झालं साहेब."

ती उठली, गच्चीवर गेली आणि गुलाबी पायजम्याची नाडी ओढून घेऊन आली. साहेबांनी निमूटपणे बॅगेचा पट्टा सोडून कमरेला बांधला, वर्दीचा पट्टा बॅगेत ठेवला आणि बॅग गुलाबी नाडीने आवळली. मग ते उभे राहिले.

"हवालदार, तू माझा पट्टा पाहिलास."

"हो साहेब."

"आणि गप्प बसलास."

"हो साहेब."

"वरिष्ठाची चूक बघून गप्प बसणारा शिक्षक मला नको होता." साहेबांनी आपली साधी टोपी डोक्यावर ठेवली. "पण केंद्रावर नेमलं तर तू रोज घरी येणार. आणि रोज या वहिनींच्या तपासणीखालून जाणार. तेवढी हमी मला पुरेशी आहे. शिफारस मी आजच करतो."

बायकोला हसावं की रडावं ते कळेना. तिने दोन्ही केलं. दारापाशी म्हातारीने साहेबांच्या हातात शेजाऱ्यांनी आणून दिलेला सगळा बिस्किटांचा पुडाच कोंबला. साहेब गुलाबी नाडीची बॅग घेऊन जिना उतरले तेव्हा गर्दी अजून तशीच उभी होती, मफलरसकट. "रजा शाबूत आहे," साहेबांनी जाहीर केलं. लोक जल्लोष करत घरी गेले. शिंपी मात्र थोडा हिरमुसला होता.

हवालदाराने वर्दी उतरवली, काळजीपूर्वक घडी घातली आणि गच्चीवरून आणलेला, जेमतेम वाळलेला गुलाबी पायजमा चढवला. नाडी साहेबांच्या बॅगेबरोबर गेली होती, म्हणून तो एका हाताने पायजमा धरून बाहेर आला. आनंदाने त्याचा चेहरा फुलून गेला होता. बायकोने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. गुलाबी बनियन. गुलाबी पायजमा. पायात वर्दीचे मोजे.

"मोजे," ती म्हणाली.

"असू दे गं," हवालदार म्हणाला. "घरात कोण बघतंय?"

"मी."

हवालदार खुर्चीवर बसला आणि मोजे काढायला लागला.