डावीकडे अडकलेली मान

बघूराव सकाळी उठले तेव्हा त्यांची मान डावीकडे वळून, कलून अडकलेली होती, आणि काही केल्या ती सरळ होईना. बघूराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका कंपनीत ते तक्रारींच्या खिडकीवर बसत, आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "बघू" म्हणून मोकळे होत. कचेरीतल्या लोकांनी हे नाव त्यांना चिकटवलं होतं आणि त्यांनीही ते बिनतक्रार चालवून घेतलं होतं.

गरम पाण्याची पिशवी झाली, मलम चोळून झालं, उशी उलटी करून पुन्हा निजून झालं. उजवीकडे केसभर वळायला गेलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. रजा केव्हाच संपल्या होत्या, तेव्हा डावा कान खांद्याला टेकवून बघूराव तसेच कामावर गेले.

खिडकीवर पहिलाच गडी आला तो बाह्या सरसावून. त्याचं मशीन फिरता फिरता न्हाणीघरातून चालत बाहेर आलं होतं आणि दारात अडकून बसलं होतं. त्याने तोंड उघडलं आणि बघतो तर काय, काचेपलीकडचा माणूस मान कलती करून, डोळे बारीक करून, चेहरा अगदी कळवळलेला, असा त्याच्याकडे पाहतोय. इतक्या आपुलकीने त्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्याचा आवाज खाली आला. मशीनचं सांगून झाल्यावर ते मशीन देणाऱ्या मेव्हण्याचंही त्याने सांगितलं, आणि जाताना चक्क आभार मानून गेला. मशीन होतं तिथेच होतं, ती गोष्ट वेगळी.

दिवसभर हेच चाललं. तावातावाने आलेली माणसं डोळे पुसत परत जायला लागली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी अख्ख्या विभागाला फर्मान काढलं की तक्रार ऐकताना सगळ्यांनी माना अशाच ठेवायच्या. बघूरावांना त्यांनी आत बोलावून घेतलं.

"पुढच्या आठवड्यात वरचे लोक पाहणीला येतायत," साहेब म्हणाले. "तोवर मान अशीच राहू द्या. विभागप्रमुख म्हणून तुमचं नाव सुचवलंय मी. मग खुशाल बरे व्हा."

बघूरावांना होकाराची मानसुद्धा हलवता आली नाही.

घरी वेगळाच पेच पडला होता. त्यांचा सोफा टीव्हीच्या समोर आणि बायकोची खुर्ची सोफ्याच्या डाव्या अंगाला. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या डाव्या कानाशी बोलत आली होती आणि ते टीव्हीकडे पाहून हुंकार देत आले होते. आता टीव्ही दिसायचं नाव नाही, समोर फक्त बायको. पहिल्या दोन संध्याकाळी दोघंही अवघडून बसली. तिसऱ्या संध्याकाळी ती बोलायला लागली.

ती रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. त्या लॅबची दुसऱ्या गावात नवी शाखा निघत होती आणि तिथे दोन वर्षं प्रमुख म्हणून जाशील का, असं तिला विचारलं होतं. शनिवारपर्यंत कळवायचं होतं. तिने शिकवून तयार केलेल्या तीन जणी तिच्या वरच्या जागांवर जाऊन बसल्या होत्या, आणि एवढ्या वर्षांत आता कुठे तिचा नंबर लागला होता.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?" बघूरावांनी विचारलं.

"सांगितलं होतं. बघू म्हणालात."

बघूरावांना काहीएक आठवेना. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातलं मानेचं किती नि लाजेचं किती हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकोने सगळंच लाजेच्या खात्यावर जमा केलं आणि दुसऱ्या दिवशी, साहेबांचं फर्मान धाब्यावर बसवून, त्यांना मान-पाठीचे मणके हाताने बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे नेलं. नवऱ्याला असं कळवळताना तिला बघवत नव्हतं.

कायरोप्रॅक्टर बाई दिसायला एवढीशी, पण हात लोहाराचे. हाताला मुंग्या येतात का, चक्कर येते का, हे तिने विचारलं, मणके एकेक चाचपले, दंड हलवून पाहिले, आणि मग गप्पा मारता मारता मान धरून अशी काही फिरवली की कड्कन आवाज झाला. बघूरावांना चार दिवसांनी उजवीकडची भिंत दिसली. आठवडाभर जड काही उचलू नका, असं बाईने दोनदा बजावलं. बाहेर बाकावर त्यांच्याच विभागातले तिघे बसले होते. साहेबांचा हुकूम पाळता पाळता त्यांच्याही माना धरल्या होत्या. विभागप्रमुखाची जागा पुढे त्यांच्यातल्याच एकाला मिळाली, कारण त्याची काही सुटली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बघूराव सोफ्यावर बसले. टीव्ही चालू होता. बायको सांगत होती की नव्या गावात राहायची सोय लॅबच करणार आहे, आणि तुम्ही इथे एकटे... तेवढ्यात पडद्यावर आरडाओरडा झाला आणि बघूरावांची मान, आता लोण्यासारखी मऊ झालेली, तिच्यावरून आपसूक उजवीकडे, टीव्हीकडे वळली.

बायको थांबली. "छान झाली हो मान," ती म्हणाली. तसंही जमलं नसतं, उद्या नाही म्हणून कळवून टाकते, असं सांगून ती आत कणीक मळायला गेली.

बघूरावांनी उठून टीव्ही बंद केला. पण आपण स्वतःला चांगलं ओळखतो, उद्या पुन्हा लावू, हे त्यांना ठाऊक होतं. एकच उपाय दिसत होता. त्यांनी सोफ्याचं एक टोक धरलं आणि सगळा जोर लावून उचललं.

आवाज ऐकून बायको पिठाच्या हाताने धावत आली. बघूराव काटकोनात वाकून उभे होते, नजर जमिनीला.

"काय करत होतात?"

"सोफा फिरवत होतो. तुझ्या खुर्चीकडे."

ती त्यांच्या नजरेच्या टप्प्यात येईल अशी खाली फरशीवर बसली आणि पदराला हात पुसून तिने फोन काढला. "थांबा, त्या बाईंना बोलावते."

"आधी लॅबला कर. येते म्हणून सांग."

"आणि तुम्हाला असं टाकून जाऊ?"

"मी सरळ झालो की तुला थांब म्हणेन," बघूराव फरशीकडे बघत म्हणाले. "आत्ताच कर."

तिने लॅबला फोन लावला. येते म्हणून सांगून टाकलं. पगार किती, घर कसं, हाताखाली माणसं कोण, रुजू कधी व्हायचं, सगळं तिने खोदून खोदून विचारून घेतलं, आणि तोवर बघूराव तसेच वाकलेले, हूं नाही की चूं नाही, सगळं ऐकत उभे राहिले.