सोनबाचा टवका

एका जंगलात, मुलांनो, सोनबा नावाचा एक तरस राहत होता. मागच्यांनी खुसखुसायचं नाही. दातांची गोष्ट आहे, तोंड मिटून ऐकायची असते.

सोनबा तसा गुणी होता. वाघाने टाकलेलं हाड तो असं फोडायचा की पलीकडच्या टेकडीवरचे ससे दचकून उठायचे. आणि पहिला घास आईला द्यायचा. तुमच्यातलं कोण देतं? राहू दे, हात वर करू नका.

पण त्याच्या पुढच्या दाताचा एक कोपरा उडालेला होता. टवका गेला होता. तो गेला दुष्काळाच्या वर्षी. तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, आणि जंगलात खायला उरलं होतं काय, तर गव्याच्या पायाची एक नळी. तीही उन्हात वाळून दगड झालेली. सगळे भाऊबंद चावून थकले. शेवटी सोनबाने ती फोडली आणि आतला मगज आईला चाटवला. आई जगली. दाताचा कोपरा मात्र नळीतच राहिला.

सोनबाला त्याचं काही वाटत नव्हतं. पोटभर खावं आणि मोठ्यांदा हसावं, हा तरसांचा धर्म. पण एकदा तळ्याकाठी तो खो खो हसत असताना वरून वानर ओरडलं, "सोनबा, दार लावून घे रे, वारा येतोय!"

झालं! सगळं तळं हसलं. त्या दिवसापासून सोनबा तोंडावर पंजा धरून हसू लागला. पुढे पुढे तर हसेनासाच झाला.

"पोटात दुखतंय का रे?" आईने विचारलं.

"पोट नाही, दात. कसा दिसतो तो!"

"अरे, कामाचा दात आहे तो. असू दे की."

आता आयांचं काय, त्यांना आपली लेकरं गोंडसच दिसतात. सोनबाने ते कानाआड केलं.

आणि नेमकं तेव्हाच पलीकडच्या खोऱ्यातून स्थळ आलं. रेवूचं! सोनबाने तिला एकदा नदीवर पाहिलं होतं. ती तोंड भरून हसली होती आणि हा वेडा मान फिरवून उभा राहिला होता, टवका दिसू नये म्हणून. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. लग्न करीन तर हिच्याशीच, नाहीतर राहीन असाच, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. आणि तरसांत मुलगी दाखवत नाहीत बरं का, मुलगा दाखवतात. मुलीकडचे येणार, याला समोर बसवणार, निरखून बघणार. सोनबाच्या तोंडचं पाणीच पळालं.

नदीकाठी ऐनाच्या झाडाच्या ढोलीत एका सुतारपक्ष्याचा दवाखाना होता. बाहेर पाटी होती, 'डॉ. टोकेकर. हसा बिनधास्त!' डॉक्टरांचा हात फार हलका, असं सगळे म्हणत. पक्ष्याला हात कुठला, असं विचारू नका. म्हणायची पद्धत आहे.

सोनबा आईला न सांगता तिथे गेला. डॉक्टरांनी आधी दातावर लिंबू चोळलं. दात खरखरीत झाला की लेप नीट धरतो म्हणे. मग डिंकात शिंपल्याची पूड कालवली. शिंपल्याचे तुकडे दाताशेजारी धरून रंग जुळवला.

"पांढराशुभ्र नको," ते म्हणाले. "उसना आणल्यासारखा दिसेल. हा घेऊ, जरा पिवळसर."

लेप लावून त्यांनी टवक्याचा कोपरा हुबेहूब घडवला. ढोलीच्या अंधारात काजव्यांनी त्यावर उजेड धरला, तसा डिंक टणक झाला. शेवटी खरवताच्या खरबरीत पानाने घासून दात चकचकीत केला.

"दोन दिवस जांभळं खायची नाहीत. डाग पडतात," डॉक्टर म्हणाले.

"बरं."

"आणि हाडं फोडायची नाहीत."

"किती दिवस?"

"लेप टिकायला हवा असेल तितके दिवस."

"डॉक्टर, मी तरस आहे हो!"

"हो ना. हसताना फार छान दिसाल. पिकली उंबरं खात जा."

सोनबा तळ्यावर गेला आणि पाण्यात बघून मनसोक्त हसला. मग उंबरं खाल्ली. पोट काही भरलं नाही, पण रूप आलं.

आईने दात पाहिला आणि कपाळावर पंजा मारून घेतला. "अरे, काय केलंस हे! माझ्या माहेरच्या खोऱ्यात..."

"आई, माहेरचं पुराण नंतर सांग. पाहुणे आले!"

रेवू आली होती आणि तिच्याबरोबर ठकूआत्या. या आत्याच्या होकाराशिवाय त्या खोऱ्यात पान हलत नसे. पाहुण्यांपुढे रीतीप्रमाणे एक जाडजूड नळी ठेवली होती. आत्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आ कर," ती सोनबाला म्हणाली.

सोनबाने ऐटीत आ केला. आत्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"अगंबाई! एकही टवका नाही? एवढा घोडा झाला आणि एक धड हाड फोडलेलं दिसत नाही! आमच्याकडे रूप बघत नाहीत, टवके बघतात. ज्याला टवका, तो कमावता. हा तर आयतोबा. याला आमची पोर जन्मभर भरवत बसणार की काय? ऊठ गं रेवू."

रेवू उठली. खाली मान घालून निघाली.

सोनबा ताडकन उठला. डॉक्टर गेले खड्ड्यात! त्याने समोरची नळी उचलली आणि सगळा जीव एकवटून चावली. कडाड्! नळीचे दोन तुकडे झाले. डिंकाचा कोपरा उडाला आणि थेट आत्याच्या कपाळावर जाऊन चिकटला.

आत्याने तो खरवडून काढला, हुंगला, चाटून पाहिला.

"डिंक!" ती म्हणाली.

संपलं सगळं, असं सोनबाला वाटलं. पण कपाळावर टिकली लावलेली ती आत्या त्याच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि त्याला हसू फुटलं. पंजा न धरता, टवक्यासकट तो हसला. सगळेच हसले.

"आणि हा टवका कसला?" आत्याने दरडावून विचारलं.

मग आईने दुष्काळाची, नळीची आणि मगजाची सगळी गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता आत्याने डोळे पुसले.

"मेल्या, असला टवका कुणी झाकतं होय रे? असा तर आमच्या अख्ख्या खोऱ्यात नाही. ठरलं लग्न!"

दोघी म्हाताऱ्या मुहूर्ताचं बोलायला झाडाखाली गेल्या. रेवू हळूच सोनबाजवळ आली. तिच्याही पुढच्या दाताला एक टवका होता. कसा नाजूक, रेखीव!

"तुझाही दुष्काळातला?" सोनबाने आदराने विचारलं.

रेवू लाजली. "आत्याला सांगू नकोस हं. माझे सगळे दात अखंड होते. बायका नावं ठेवायच्या, ऐतखाऊ म्हणायच्या. मग काढून घेतला."

"काढून घेतला? कुणाकडून?"

"ऐनाच्या ढोलीत एक डॉक्टर आहेत. फार हलका हात आहे त्यांचा."

"अगं, माझा डिंकही तिथलाच!" सोनबा म्हणाला. मग दोघं इतके हसले की वानर काय झालं ते बघायला खाली उतरलं.

लग्न थाटात झालं. डॉ. टोकेकरांना वराकडून मान होता आणि वधूकडूनही. ते पहिल्या रांगेत बसले आणि हसणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या तोंडात वाकून बघत राहिले.

तात्पर्य : संसार खरेपणावर टिकतो, असे मोठी माणसे सांगतात. पण नवरा-बायकोने एकाच डॉक्टरकडे जाऊन केलेल्या लबाडीवर तो जास्त टिकतो.