कढत पाणी आणि प्रेशरची गोळी

१९९७ सालचा पौष महिना. आमच्या मालकांना, म्हणजे सोमाजींना, प्रेशर निघालं. जुन्नरच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि मी साऱ्या घाटघर गावात सांगत सुटले, "गोळी डॉक्टरची, पण गुण माझ्या हातचा!"

औषध पोटात गेलं की वरून ऊब द्यायची, मगच ते अंगी लागतं, ही आमच्याकडची रीत. मी हंडाभर पाणी कढवलं. मालकांनी गोळी गिळली, थोड्या वेळानं त्यांना न्हाणीच्या दगडावर बसवलं आणि मी तांब्यावर तांब्या ओतू लागले.

"अगं, कोंबडं सोलायचंय का काय?"

"गप बसा! औषध भिनतंय."

मालक उठून उभे राहिले आणि ओल्या घोंगडीसारखे खाली कोसळले!

नणंद कुशाबाई धावत आल्या. एक नजर टाकली आणि सूर लावला, "दादा रं माझ्या!" शेजारच्या संपतनं मालकांना उचलून गार अंगणात निजवलं. वारा असा, की दात वाजावेत! दोन मिनिटांत मालक पुटपुटले, "कुशे, कोण गेलं गं?"

मला आभाळ ठेंगणं झालं! घोंगडी, गोधडी, वर आणखी एक गोधडी, आणि नेऊन बसवलं शेकोटीजवळ. पाच मिनिटांत मान कलली. कुशाबाईंनी पुन्हा सूर लावला, या खेपेला वरच्या पट्टीत!

"काकू, त्यांला शेकू नका, राव!" म्हणत संपतनं जीप काढली. उघड्या जीपमध्ये मालकांना आडवं घातलं. जुन्नरच्या वाटेवर आपटाळ्याला ते उठून बसले आणि भजी मागू लागले.

जुन्नरला सगळं ऐकून डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी माझा हात गरम पाण्यात बुडवला. शिरा गांडुळासारख्या टरारल्या. मग गार पाण्यात बुडवला. शिरा गायब!

"मावशी, गोळीनं रक्तवाहिन्या सैल होतात, उष्णतेनंही होतात. दोन्ही एकदम झालं की उभ्या माणसाचं रक्त पायांत उतरतं, डोक्याला पुरत नाही."

मी हाताकडे बघतच राहिले. बाहेरचा वारा कातडीखालच्या नळ्यांना कळतो आणि त्याप्रमाणे गोळीचा जोरही बदलतो! पन्नास वर्षं मी ह्याच हातांनी भात लावला, आणि आत एवढा कारभार चालतो ह्याचा मला पत्ता नव्हता.

संपतनं पुढे दुसरी जीप घेतली. कुशाबाई २००४ मध्ये गेल्या. आपल्याला दोनदा फुकट रडायला लावलं म्हणून माझ्यावर शेवटपर्यंत रुसलेल्या होत्या. मालकांनी कोमट पाण्यावर बारा वर्षं काढली. २००९ मध्ये ते खरंच गेले, तेव्हा मी त्यांना गार ओसरीवर निजवायला लावलं आणि उशाशी बसून राहिले.

संपत हळूच म्हणाला, "काकू, आता न्हाई उठायचं काका."

ते मलाही कळत होतं हो. पण म्हटलं, न जाणो!