मेरिन झोळीत बसते

वैद्यकीय सामान विकण्याच्या नोकरीत फायदेच फायदे, असं मेरिन आईला सांगायची. कंपनीची गाडी मिळते, ऑस्ट्रेलियातल्या यॉर्क द्वीपकल्पाचा सगळा किनारा फिरून होतो, शिवाय आपल्यामुळे कुणाची तरी कंबर वाचते! तोटा एवढाच, की नर्सेस तिने आणलेल्या पेस्ट्या, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या करंज्या, खायच्या आणि माल घ्यायच्या नाहीत. शुक्रवारी तिची उमेदवारी संपत होती. आजवर खपलं होतं काय? हातमोज्यांचं एक खोकं!

"आज यंत्र विकूनच येते!" गुरुवारी सकाळी तिने आईला फोनवर ठणकावलं.

यंत्र म्हणजे अंथरुणावरच्या माणसाला झोळीत घालून अलगद उचलणारा, चाकांवरचा खांब. बंदराजवळच्या वृद्धाश्रमाच्या मुख्य नर्स रेलीनबाईंना तो हवाच होता. अंथरुणाला खिळलेल्या क्लेमला उचलता उचलता त्यांच्या हाताखालच्या दोन नर्सेसच्या पाठी धरल्या होत्या. पण क्लेम ऐकेल तर ना!

"जन्मभर मेंढ्या धरधरून भादरल्या मी," खिडकीखालच्या पलंगावरून तो गरजला. "आता मलाच मेंढी करता?"

"आजोबा, आधी मी बसून दाखवते," मेरिन म्हणाली. "ही बॅटरी कधी दगा देत नाही! आणि रेलीनबाई, नियम एकच. झोळीतलं माणूस ओरडलं की खांबावरचं लाल बटण दाबायचं. विचार करत बसायचं नाही."

ती झोळीत बसली, हातातल्या रिमोटचं बटण दाबलं आणि ओल्या लोकरीच्या गठ्ठ्यासारखी वर निघाली. वर पोचल्यावर तिने ऐटीत पाय झुलवला. बूट सुटला तो थेट चहाच्या ट्रॉलीवरच्या क्रीममध्ये!

"अगं बाई!" मेरिन किंचाळली. मागे कुठेतरी खट्ट झालं, पण तिचे डोळे बुटावर.

तिने खाली यायचं बटण दाबलं. यंत्र ढिम्म! पुन्हा दाबलं. छे! मग तिला रात्रीचं आठवलं. काल मोटेलात प्लग एकच होता. त्यात बॅटरी लावायची, की केस सरळ करायचं यंत्र? आज तिचे केस फारच सुरेख दिसत होते!

"मी जरा वेळ... इथेच बसते," ती म्हणाली. "किती आराम आहे ते तुम्हाला कळावं म्हणून."

"बस की," रेलीनबाई म्हणाल्या. "पेस्टी देऊ?"

मग मेरिनने हवेत पेस्टी खाल्ली. स्वयंपाकीणबाई सॉस घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. झोळी हळूहळू फिरत होती.

"पोरी, काचतंय का कुठे?" क्लेमने विचारलं.

"नाही हो. खरंच नाही." तेवढ्यात झोळी खिडकीकडे वळली. "अय्या! इथून बंदराचा धक्का दिसतो!"

पलंगावरून क्लेमला नुसतं आभाळ दिसायचं. त्याने मान उंचावली. मग हळूच म्हणाला, "आहे का कुणी तिथे?"

"एक आजोबा गळ टाकून बसलेत. पिवळी बादली आहे शेजारी. अगदी टोकाला."

"डेस! माझ्या जागेवर बसलाय लेकाचा! उतर, उतर खाली! मला बघू दे!"

मेरिनने उरलेली पेस्टी तोंडात कोंबली. "उतरता येत नाहीये," ती पुटपुटली. "बॅटरी संपली. रात्री मी केस..."

"बॅटरी कुठली?" रेलीनबाई म्हणाल्या. "अगं, तू ओरडलीस म्हणून मी लाल बटण दाबलं. ते सोडवायचं कसं, हे तू सांगितलंच नाहीस. आम्हाला वाटलं, तू मुद्दाम बसलीयेस!"

मेरिनने सांगितलं तसं रेलीनबाईंनी लाल बटण पिळलं, ते सुटलं. मेरिन खाली आली आणि क्लेम वर गेला. खिडकीतून धक्का दिसताच तो सगळं गाव जागं होईल असा ओरडला, "डेस! ऊठ तिथून!"

माणूस ओरडलं! रेलीनबाईंनी इमानाने लाल बटण दाबलं. मेरिनने ते घाईघाईने सोडवलं आणि खाली आणायचं बटण दाबलं. यंत्र ढिम्म! आता मात्र बॅटरी खरोखरच संपली होती.

"घाबरू नका आजोबा, हाताने उतरवायचा दांडा आहे!" मेरिन धावली.

"त्या दांड्याला हात लावशील तर खबरदार!" क्लेम वरून म्हणाला. "डेसच्या गळाला काहीतरी लागलंय. आणि मला पेस्टी द्या."

रेलीनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग मेरिनकडे.

"दोन यंत्रं पाठव. हा काही आता खाली यायचा नाही." त्यांनी क्रीममधला बूट दोन बोटांनी उचलून तिच्या हातात दिला. "आणि पोरी, पोचवायला येशील तेव्हा केस वाकडे असले तरी चालतील हं!"