मारोतराव कॅमेरा घेतात की नाही

एक कॅमेरा घ्यावा की घेऊ नये, एवढ्यासाठी दोनशेपानी तीन वह्या भरणारा माणूस वणीत एकच: लग्नाचे फोटो काढणारे मारोतराव ढुमणे. रोज दुपारी चारला ते माझ्या व्हरांड्यात येत, पानाच्या मधोमध रेघ मारत, डावीकडे ‘घ्यावा’ आणि उजवीकडे ‘घेऊ नये’ असं लिहीत आणि म्हणत, “मास्तर, आज नवा मुद्दा निंगाला.”

मुद्दा मिररलेस कॅमेऱ्याचा. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात आरसा होता. फोटो काढताना तो उचलला जाई आणि ‘खटाक’ असं वाजे. नव्यात आरसा नाही, आवाजही जवळपास नाही. बायको गेल्यापासून मारोतरावांनी दुसऱ्या कशाचा एवढा विचार केल्याचं मला आठवत नाही.

एकदा भाच्याचा नवा कॅमेरा मागून ते राजूरच्या लग्नात गेले. नवरदेवाची आजी श्वास रोखून खुर्चीत ताठ बसली. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘खटाक’ ऐकल्याशिवाय श्वास सोडत नाहीत. मारोतरावांचे आठ फोटो झाले तरी आजी तशीच.

“अवो आजी, निंगाला फोटो!”

“खोटं नोको बोलू रे बाप्पा. वाजला कुठी?”

हे बोलण्यापुरता आजीने श्वास घेतला, म्हणून लग्न निर्विघ्न पार पडलं. संध्याकाळी उजव्या रकान्यात नोंद झाली: म्हातारे धोक्यात.

मग वणीच्या खाणींतल्या कोळशाच्या धुळीचा मुद्दा आला. नव्या कॅमेऱ्यात लेन्स बदलताना आतला भाग उघडा पडतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. वणीच्या हवेत ते कसं जमणार? सराव म्हणून ते जुन्याचीही लेन्स दार लावून न्हाणीघरात बदलू लागले. एका लग्नात नवरानवरीने एकमेकांना हार घातले तेव्हा फोटोग्राफर न्हाणीघरात होता. हार काढून पुन्हा घालावे लागले.

“आन् मास्तर, माणसाचा डोळा शोधून फोकस बी तो कॅमेराच लावते म्हने. मंग मी काय शोधू?”

आता माझ्याबद्दल. मारोतराव चिक्कू आहेत, नव्या यंत्राला भितात, असं गावात अजून बोललं जातं. ती गोष्ट मी पसरवली. न्हाव्याकडे केस कापून घेताना एकदा गंमत म्हणून बोललो. लोक हसले, म्हणून पुढे बोलतच राहिलो. वणीतली लग्नं एकेक करून दुसऱ्या फोटोग्राफरांकडे गेली. मारोतरावांच्या कानावर हे आलं असणारच. त्यांनी विषय काढला नाही.

एवढ्यावर मी थांबलो नाही. एक दिवस घरी पाहुणे असताना ते चौथी वही घेऊन आले. मी सर्वांसमोर म्हणालो, “मारोतराव, एकदाचा निर्णय घ्या आणि मगच ही पायरी चढा.” पाहुणे खो खो हसले. मारोतरावही थोडे हसले. “बराबर हाये जी,” म्हणाले आणि वही काखेत धरून निघून गेले.

पंधरा दिवस आले नाहीत. पहिले दोन दिवस मी सुखाने पेपर वाचला. तिसऱ्या दिवसापासून चार वाजले की फाटकाकडे पाहू लागलो. शेवटी त्यांच्या घरी गेलो.

ते खाटेवर बसून मऊ फडक्याने कॅमेरा पुसत होते. मिररलेस. पट्टा वापरून वापरून पांढुरका झालेला, कोपऱ्याचा रंग उडालेला.

“कधी घेतला?”

त्यांनी तो पाठीमागे लपवायला पाहिलं, मग राहू दिलं. “दोन वर्सं होते जी. मारेगावकडच्या लग्नाईत हाच वापरतो. वणीत काढला असता तं तुमाले दिसला असता.”

“अहो, दोन वर्षं? मग रोज माझ्याकडे वही घेऊन कशाला येत होता?”

मारोतराव फडक्याची घडी घालत राहिले.

“घेतला म्हनून सांगतलं असतं, तं तुम्ही म्हनाले असते, बरं झालं. मंग दुसऱ्या दिवशी काय बोलाचं होतं, मास्तर?”

गावाचं तोंड बंद करायला तो कॅमेरा एकदा चौकात दाखवला असता तरी पुरे होतं. ह्या माणसाने कामं जाऊ दिली, पण माझा व्हरांडा सोडला नाही. तो मी सोडायला लावला.

माफी मागायची होती. ती तोंडातून निघाली नाही. मी खाटेवर त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं, “ह्याला लेन्स कोणती हो लावली?”

त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मग बोलू लागले ते बोलतच राहिले. मला त्यातलं अक्षरही कळलं नाही, तरी मी मधूनमधून “असं का?” म्हणत बसून राहिलो.